मुंग्यांची रांग आणि यंत्रमानवांचा समूह : पीएच.डी. संशोधनाचे एक क्षेत्र

साखरेचा कण सापडताच मुंग्यांची रांग लागते, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. या रांगेला मुकादम नसतो आणि कोणत्याही एका मुंगीला संपूर्ण कामाची कल्पना नसते. तरीही काम तडीस जाते. हे कसे घडते आणि ही रीत यंत्रांना शिकविता येईल काय, या दोन प्रश्नांतून समूह यंत्रमानवशास्त्र ही विद्याशाखा आकारास आली. तिच्या जडणघडणीत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

निरीक्षणातून सिद्धांत

वाळवीच्या कामकरी किड्यांना एकमेकांच्या आज्ञेची गरज नसते. अर्धवट झालेले बांधकामच पुढील कामाची प्रेरणा देते, असे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये प्रतिपादन केले. १९८९ मध्ये ब्रुसेल्स येथील झाँ-लुई दनबूर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंग्यांचे घर आणि अन्न यांच्या दरम्यान एक आखूड व एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परतल्या, त्या वाटेवर गंधद्रव्य अधिक साचले आणि बहुतेक मुंग्या तिकडे वळल्या. याच तत्त्वावर मार्को डोरिगो यांनी गणनाची एक पद्धत रचली. त्यांचा १९९२ चा मिलान येथील पीएच.डी. प्रबंध याच विषयावर होता. वाहनांचे मार्ग आखण्यासारख्या प्रश्नांसाठी ही पद्धत आज जगभर वापरली जाते.

भारतातील उदाहरणही बोलके आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत के. एन. कृष्णानंद यांनी प्रा. देवाशीष घोष यांच्यासमवेत २००५ च्या सुमारास काजव्यांच्या प्रकाशावरून एक पद्धत विकसित केली. तीत प्रत्येक घटक जवळपासच्या अधिक तेजस्वी सोबत्याकडे सरकतो. त्यामुळे समूहाची आपोआप विभागणी होऊन अनेक ठिकाणांचा एकाच वेळी शोध लागू शकतो. वायुगळतीची वा आगीची अनेक केंद्रे शोधताना या गुणाचे महत्त्व कळते.

अद्याप न सुटलेले प्रश्न

२०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात राधिका नागपाल व मायकेल रुबेनस्टाइन यांच्या गटाने १,०२४ चिमुकल्या यंत्रमानवांकडून ठरावीक आकृत्या तयार करून घेतल्या. प्रत्येक यंत्राचा व्यास सुमारे ३.३ सेंटिमीटर होता आणि त्याचा संपर्क केवळ शेजाऱ्यांशी होता. मात्र हे प्रयोग सपाट पृष्ठभागावर झाले. धूळ, पाऊस व चढउतार असलेल्या भूमीवर समूह टिकेल काय? काही यंत्रे बिघडली, तर उरलेली काम पुरे करतील काय? आणि सर्वांत कठीण प्रश्न असा की, अपेक्षित फळ ठाऊक असता प्रत्येक यंत्राला कोणता साधा नियम द्यावा? संशोधनाची खरी संधी या प्रश्नांत आहे.

प्रवेश व साहाय्य

हा विषय केवळ अभियंत्यांचा नव्हे. प्राणिशास्त्र, गणित, भौतिकी व संगणकशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनाही येथे वाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीधारकांप्रमाणेच चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळविणारेही पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. याशिवाय राज्यातील बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांमार्फत आपापल्या लक्ष्यगटातील संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिली जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रणाली व नियंत्रण अभियांत्रिकीच्या संशोधनाची सोय आहे. अर्ज करण्यापूर्वी संबंधित संस्थेचे चालू वर्षाचे नियम पाहणे अगत्याचे आहे.

शिक्षकांचे कार्य

या शास्त्राचा आरंभ महागड्या उपकरणांनी झाला नाही, तर बारकाईने पाहण्याने झाला. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा वा राजमाचीच्या रानात चमकणारे काजवे आणि शाळेच्या भिंतीवरील मुंग्या हे या विषयाचे पहिले पाठ होत. मुंग्यांची वाट पुसली असता त्या काय करतात, याची नोंद ठेवण्यास वही व घड्याळ पुरते. शिक्षकांनी अशा नोंदींची सवय लावली, ग्रामपंचायतींनी गावच्या वाचनालयात विज्ञानाची पुस्तके व अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती उपलब्ध ठेवल्या, तर खेड्यातील विद्यार्थ्यालाही या संशोधनाची वाट सापडेल. माहितीअभावी ती बंद राहू नये, हे पाहणे सर्वांचे कर्तव्य होय.