पोटातली उष्णता, पायाखालचा हादरा

21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोलीजवळ 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि आपलं वाशीमही हादरलं. "इथे ना ज्वालामुखी, ना हिमालय, मग हे कुठून?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं.

उत्तर पृथ्वीच्या पोटात आहे. जन्मापासून उरलेली आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून निघणारी उष्णता, यांमुळे खालचा खडक घन असूनही अतिशय संथपणे वाहतो. याच इंजिनावर भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंमी उत्तरेकडे सरकतो. पुढे आशिया अडवतो, म्हणून ताण मागे दख्खनपर्यंत साठतो आणि जुन्या भेगांवर सुटतो. खूप खोलवर तापलेला खडक तुटत नाही, वाकतो. त्यामुळे आपल्याकडचे भूकंप उथळ असतात, आणि उथळ म्हणजे घातक.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 चा धक्का बसला. हिंगोलीच्या मानाने ऊर्जा साधारण 350 पट! दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसं झोपेतच गेली.

भूकंप थांबवणं आपल्या हातात नाही. भिंतीला लिंटल बँड घालणं नक्कीच आहे. सुट्टीत गावी गेलात की आपल्या घराच्या भिंती आणि छत एकदा इंजिनिअरच्या नजरेने बघाच.