सिंगापूरला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत मी लहानाचा मोठा झालो आणि नोकरीच्या निमित्ताने सिंगापूरला स्थायिक झालो. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला गावी आलो, की कोणी ना कोणी तरुण भेटायला येतोच. "काका, तिकडच्या पगारात भागतं का?" हा त्याचा पहिला प्रश्न. पगाराचा हिशेब कागदावर मांडता येतो. कस लागतो तो रोजच्या जगण्यात आणि मुलाबाळांच्या बाबतीत. त्याबद्दलच सांगतो.

सुरुवात बॅगेपासून करा. आपल्या सावजी मसाल्यात खसखस असते आणि सिंगापुरात ती बंदी असलेल्या मालात मोडते. आईने मसाल्याची पुडी बांधण्याआधीच तिला हे सांगून ठेवा. विकतचा मसाला असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. अमली पदार्थांच्या तस्करीला तिथे फाशीपर्यंत शिक्षा आहे. ओळखीच्या माणसाने दिलेले पार्सलही उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नका.

नागपूरचा उन्हाळा सोसलेल्याला तिथले ३१-३२ अंश किरकोळ वाटतात. पण आपली ४५ अंशांची होरपळ कोरडी असते, म्हणून वाळ्याच्या ताटीचा कूलर खोली गार करतो. सिंगापूर विषुववृत्ताला लागूनच आहे. बाराही महिने हवा दमट, घाम वाळत नाही आणि कूलरचा काही उपयोग होत नाही. बंद कपाटात ठेवलेल्या माझ्या पदवी प्रमाणपत्राच्या कडेला करडे ठिपके उठले, शिक्क्याची शाई पसरली आणि कागद फायलीला चिकटून बसला. मूळ कागदपत्रे हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा.

तुळस जरूर लावा, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंगीमुळे तिथे निरीक्षक घरात येऊन तपासणी करतात आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर पहिल्याच वेळी २०० डॉलर किंवा त्याहून जास्त दंड होतो.

सरकारी घरांच्या इमारतींत चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबे एकाच मजल्यावर नांदावीत म्हणून १९८९ पासून प्रत्येक इमारतीत वंशनिहाय मर्यादा आहे. भारतीयांचा वाटा भरला असेल, तर चिनी मालकाचे घर तुम्हाला विकत घेता येत नाही. म्हणून इसारा देण्याआधी त्या इमारतीतली मर्यादा तपासा. शेजार मात्र जपावाच लागतो. भारतीय घरातल्या रश्श्याच्या वासाबद्दल चिनी शेजाऱ्यांनी तक्रार केल्याची बातमी २०११ मध्ये गाजली, तेव्हा सिंगापूरच्या हजारो लोकांनी ठरवून एकाच दिवशी घरोघर रस्सा शिजवला. ही माणसे मनाने मोठी आहेत. तरी फोडणी देताना दार लावून घ्या, आणि मलय शेजाऱ्याला फराळ देताना तो हलाल आहे की नाही, हे स्वतःहून सांगा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की घरात पेढे वाटले जातात. आमच्याकडेही वाटले. पण आई-वडिलांच्या अर्जातून हा परवाना मिळालेल्या मुलाला साडेसोळाव्या वर्षी लष्करी सेवेसाठी नोंदणी करावी लागते आणि अठराव्या वर्षानंतर दोन वर्षे सक्तीची पूर्णवेळ सेवा असते. त्यानंतरही अनेक वर्षे राखीव दलाची बोलावणी येतात. नोकरीच्या बळावर परवाना मिळालेल्या बापाला यातून सूट मिळते, मुलाला मिळत नाही. सेवा न करता परवाना सोडला, तर पुढे त्याच देशात शिकायला किंवा नोकरीला येताना ते आडवे येते. आमच्या मुलाने सेवा पूर्ण केली. त्याचे भारतातले मित्र तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोहोचले होते, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या आईला धड झोप नव्हती.

शाळेतही मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही. तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू हेच पर्याय आहेत. बहुतेक मराठी मुले हिंदी घेतात. मराठी टिकवायची तर ती घरातच रोज बोलावी लागते.

त्या देशाने आम्हाला खूप दिले आणि तिथे जाऊ नका असे मी कोणालाही सांगणार नाही. एवढेच कळकळीने सांगतो, की नोकरीचा करार वाचता तितक्याच बारकाईने परवान्याच्या अटी वाचा. मुलाचे नाव त्या अर्जात घालण्याआधी नवरा-बायको बसून नीट विचार करा, कारण सही तुमची असली तरी ती दोन वर्षे मुलाला द्यावी लागतात.