सीडीवरील सॉफ्टवेअर बसत नाही तेव्हा

नव्या लॅपटॉपला बहुधा सीडीचा ड्राइव्हच नसतो. मग सीडीवरून सॉफ्टवेअर कसे बसवावे याचा विचार आज कशाला करावयाचा, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर महाविद्यालयांच्या कपाटांत आहे. १९९५ ते २०१० या सुमारास घेतलेले शब्दकोश, प्रयोगशाळेतील उपकरणांसोबतचे प्रोग्राम, पाठ्यपुस्तकांच्या मागच्या आवरणाला चिकटवून आलेली पूरक सामग्री हे सारे प्रायः सीडीवर असे. ते फेकून द्यावयाचे नसेल, तर ते चालवता आले पाहिजे.

बेळगाव-निपाणी भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. निपाणीचा विद्यार्थी अर्जुननगरला गेला तर शिवाजी विद्यापीठाचा होतो, गावातच राहिला तर राणी चन्नम्मा विद्यापीठाचा. दोन भाषांचे अंक काढणे हा इथला नित्याचा व्यवहार आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अशा अंकातला मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टंकित होई, कन्नड मजकूर नुडी किंवा बरहमध्ये, आणि पाने पुष्कळदा पेजमेकरमध्ये जुळवली जात. या प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. त्यामुळे त्या काळची फाईल आजच्या संगणकात उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला दिसतो. तो वाचण्याची किल्ली जुन्या सीडीत आहे. सीडीवरचे सॉफ्टवेअर बसले नाही, तर दोन्ही भाषांतला मजकूर छापील प्रतीवरून पुन्हा टंकित करणे, किंवा तो तसाच सोडून देणे, एवढेच हाती उरते.

बिघाड कोठे आहे ?

‘सॉफ्टवेअर बसत नाही’ हे एकच वाक्य आपण निरनिराळ्या बिघाडांना लावतो. डिस्क खराब असेल. डिस्क चांगली पण ड्राइव्ह खराब असेल. दोन्ही चांगले पण आतला सेटअप व आजची विंडोज यांचे जुळत नसेल. किंवा सर्व ठीक असून परवान्याचे कुलूप उघडत नसेल. उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे. म्हणून उपाय शोधण्यापूर्वी गाडी कोणत्या स्थानकावर अडली हे ठरवले पाहिजे. तेच न करता सीडी काढणे आणि पुन्हा घालणे यात तासाचा तास जातो.

डिस्क वाचली जाते म्हणजे काय होते

सीडी ही १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते आणि तिच्या दोन वेढ्यांतील अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. ड्राइव्हमधील लेसर या रेषेवरील खळगे परावर्तित प्रकाशावरून ओळखतो. या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या लेसरची ६५० नॅनोमीटर. डीव्हीडीवरील वेढेही अधिक दाट असतात. त्यामुळे केवळ सीडीसाठी बनवलेल्या जुन्या ड्राइव्हला डीव्हीडी वाचता येत नाही. बाहेरून दोन्ही चकत्या सारख्याच दिसतात, म्हणून वरचे लेबल आधी वाचावे.

गाण्याची सीडी थोडी चरली तरी वाजते, मग सॉफ्टवेअरची का अडते ? गाण्यातला एखादा सूक्ष्म अंश वाचता आला नाही तर मागच्या-पुढच्या स्वरांवरून यंत्र तो अंदाजाने भरून काढते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. प्रोग्राममध्ये अंदाज चालत नाही. म्हणून माहितीच्या सीडीवर २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात प्रत्यक्ष माहिती २,०४८ बाइटच ठेवतात. उरलेली जागा मुख्यतः पत्ता, तपासणी व दुरुस्ती यांसाठी असते. तंबाखूची गाडी रवाना करताना व्यापारी पोत्यांची संख्या व वजन चिठ्ठीवर लिहून देतो आणि पोचल्यावर ते ताडून पाहतात, तसाच हा प्रकार आहे. ताळा जुळला नाही आणि दुरुस्तीही झाली नाही, की विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा दोष दाखवते. हा संदेश आला म्हणजे तक्रार वाचनाची आहे. विंडोजमध्ये फेरफार करून ती सहसा सुटत नाही.

पहिली कसोटी : नक्कल

सेटअप चालवण्यापूर्वी डिस्कवरील सर्व मजकूर हार्ड डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यावा. लपवलेल्या फायलीही दिसतील अशी सोय आधी करून ठेवावी. ही साधी कृती निम्मा निर्णय करते. नक्कल मध्येच अडली तर दोष डिस्कचा किंवा ड्राइव्हचा. नक्कल पूर्ण झाली आणि तरीही सेटअप अडला, तर डिस्कला दोष देण्याचे बहुधा कारण राहत नाही. पुष्कळदा नक्कल केलेल्या फोल्डरमधूनच सेटअप सुरळीत चालतो. सीडी घातल्यावर आपोआप काही सुरू झाले नाही, तर ती बिघडली असे मानू नये. आपोआप सुरू होण्याची सोय विंडोजमध्ये बंद केलेली असू शकते. अशा वेळी डिस्क उघडून ‘सेटअप’ नावाची फाईल स्वतः चालवावी.

डिस्क व ड्राइव्ह यांचे दोष

(१) डिस्क पुसताना मऊ सुती कापडाने केंद्रापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून पुसू नये. आडवा चरा सर्पिल रेषेला छेदून जातो व थोडीच माहिती बिघडवतो. रेषेला समांतर गेलेला गोल चरा सलग बरीच माहिती खातो आणि ती दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जाते.

(२) लेबलाची बाजू अधिक जपावी. सीडीचा परावर्तक थर लेबलाच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूचा चरा पॉलिश करून कमी करता येतो, पण वरचा थर खरवडला गेला तर तेथील माहिती कायमची गेली. सीडीवर बॉलपेनने लिहू नये ते याच कारणासाठी.

(३) तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी आणि त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी, चांगली माहीत असलेली डिस्क घालावी. या दोन प्रयोगांनी दोष कोणाचा हे ठरते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि बेळगावचा दमट पावसाळा, दोन्ही ड्राइव्हच्या भिंगाला मानवत नाहीत.

(४) घरी लिहिलेली सीडी असेल तर ती लिहिताना ‘बंद’ केली होती का ते पाहावे. तशी न केलेली सीडी ज्या यंत्रावर लिहिली तेथे दिसते, दुसरीकडे कोरी वाटते. शिवाय अशा सीडीतील रंगद्रव्य उन्हाने व उष्णतेने खराब होते. ती खिडकीजवळच्या कपाटात ठेवू नये.

डिस्क वाचली, पण सेटअप अडला

आता दोष जुळणीचा आहे. येथे सर्वांत अधिक फसवणारे कारण म्हणजे १६ बिटी सेटअप. १९९५ नंतरचे कित्येक प्रोग्राम स्वतः ३२ बिटी असले, तरी त्यांना बसवणारा सेटअप जुन्या १६ बिटी बनावटीचा असे. ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्राम चालवीत नाही. २०२१ साली आलेली विंडोज ११ तर फक्त ६४ बिटीच आहे. अशा वेळी पेटीतला माल चांगला असून पेटीचे झाकण तेवढे उघडत नाही.

दुसरे कारण अधिकाराचे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोज सामान्य वापरकर्त्याला मुख्य फोल्डरांत लिहू देत नाही. सेटअपवर उजवे बटण दाबून तो प्रशासकाच्या अधिकाराने चालवावा. त्याच ठिकाणी जुन्या विंडोजशी जुळवून घेण्याचीही सोय असते, तीही वापरून पाहावी.

तिसरे कारण कुलपाचे. त्या काळातील काही भाषा-सॉफ्टवेअरसोबत संगणकाच्या मागे लावावयाचे एक लहान यंत्र येई. त्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे. या कुलपाला लागणारा जुना ड्रायव्हर ६४ बिटी विंडोज नाकारू शकते, कारण त्यावर मान्य अशी डिजिटल सही नसते. सॉफ्टवेअर व्यवस्थित बसते आणि पहिल्याच उघडण्याला अडते, तेव्हा हे कारण तपासावे.

संदेशातील क्रमांकही वाया जाऊ देऊ नये. विंडोज इन्स्टॉलरचा १३०५ हा क्रमांक फाईल वाचता आली नाही असे सांगतो, म्हणजे पुन्हा डिस्ककडे वळावयाचे. १६०३ हा मात्र मोघम आहे. तो आला की सेटअपची नोंदवही तयार करवून त्यात पहिली चूक कोठे झाली ते पाहावे लागते.

एक्सपीचा धडा

संदेश जे मागतो आणि यंत्राला खरोखर जे हवे असते, त्यांत कधी फरक असतो. याचे उत्तम उदाहरण २००१ सालच्या विंडोज एक्सपीत सापडते. एक्सपीत देवनागरीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा हे युनिकोड फॉन्ट होते, परंतु भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट दाखवणारा भाग मूळ इंग्रजी एक्सपी बसवताना आपोआप येत नसे. तो प्रादेशिक भाषांच्या चौकटीत खूण करून वेगळा घालावा लागे आणि त्या वेळी संगणक एक्सपीची मूळ सीडी मागे. सीडी हरवली की काम थांबे. वस्तुतः संगणकाला सीडी नको असे, तिच्यातील ‘आय-३८६’ नावाचा फोल्डर हवा असे. तो हार्ड डिस्कवर उतरवलेला असेल तर त्याची वाट दाखवली की काम होई. व्हिस्टापासून हा भाग मुळातच आत असतो.

न बसणारे कसे चालवावे

सर्व उपाय थकले तर आजच्या संगणकात ‘आभासी संगणक’ तयार करून त्यात जुनी विंडोज बसवता येते. त्यासाठी डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाईल, करून ठेवावी. मग ड्राइव्हची गरज राहत नाही. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची जपणुकीसाठी प्रत करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात मुभा आहे. मात्र ती प्रत वाटावयाची नसते. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून आधार देणे थांबवले आहे. म्हणून असा जुना संगणक, खरा असो वा आभासी, इंटरनेटला जोडू नये.

फाईल एकदा उघडली की काम संपले असे समजू नये. साध्या मजकुराच्या फायलीसाठी पुष्कळदा केवळ जुना फॉन्ट मिळाला तरी पुरते. पेजमेकरच्या फायलीला पेजमेकरच लागतो किंवा इनडिझाइनची जुनी आवृत्ती. कसेही उघडले तरी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. रूपांतरात रफार, अर्धा र आणि कन्नडमधील ओत्ताक्षरे हटकून चुकतात. म्हणून मराठी मजकूर मराठीच्या आणि कन्नड मजकूर कन्नडच्या जाणकाराने छापील प्रतीशी ताडून पाहिला पाहिजे.

कामाची शिस्त

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम वहीत लिहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कशामुळे झाले ते कळत नाही आणि पुढच्या संगणकावर तीच अडचण पुन्हा नवी होते. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो. डिस्कचे नाव, आवृत्ती, परवान्याचा क्रमांक, कोणत्या विंडोजवर बसली, कोणता संदेश आला, एवढे एका पानावर लिहून ते डिस्कसोबतच ठेवावे.

डिस्क दरवर्षी थोडी अधिक जुनी होते, आणि ती वाचणारे ड्राइव्ह दरवर्षी कमी होत आहेत. एखाद्या सुट्टीत मराठी व कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी संगणक विभागाला हाताशी धरून कपाटातील सीडींची यादी केली, प्रत्येकीची प्रतिमा घेतली आणि जुन्या अंकांच्या फायली उघडून युनिकोडमध्ये आणल्या, तर ते काम कोणत्याही प्रकल्पाच्या तोडीचे ठरेल. मजकूर दोन लिप्यांत असला तरी डिस्कवरील रेषा एकच आहे. ती वाचली जाते तोवरच हे काम होऊ शकेल.