डिजिटल रंगभूषा: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• चेहऱ्यावर काही चढवायचे आहे की त्यातून काही काढायचे आहे, हे सर्वांत आधी ठरवा. सुरकुत्या, व्रण, सुजलेला डोळा रंगभूषाकाराच्या हातून उत्तम होतात. काढायचे काम संगणकाचे. 'द डार्क नाइट'मध्ये (2008) हार्वी डेंटचा अर्धा चेहरा जळतो, गालातून दात आणि जबड्याचे स्नायू दिसतात. प्रोस्थेटिकचा, म्हणजे चिकटवायच्या कृत्रिम त्वचेचा, थर कितीही पातळ केला, तरी डेंट साकारणाऱ्या ॲरन एकहार्टचा गाल त्याने आत गेला नसता. चेहरा उलट फुगला असता. म्हणून चेहऱ्यावर मार्करचे ठिपके लावून चित्रीकरण झाले आणि गाल पोखरण्याचे काम फ्रेमस्टोअर या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने संगणकावर केले. दुसऱ्या अर्ध्या चेहऱ्यावरचा अभिनय शाबूत राहिला, म्हणूनच तो चेहरा पटतो. 'हॅरी पॉटर'मधल्या व्होल्डेमॉर्टचे नाकही असेच काढलेले आहे.

• रंगभूषाकार आणि व्हीएफएक्स पर्यवेक्षक यांना लूक टेस्टलाच एकत्र बसवा. दोन्ही कामे एकमेकांना पूरक ठरू शकतात: 'द क्युरियस केस ऑफ बेंजामिन बटन'ला रंगभूषा आणि व्हिज्युअल इफेक्ट्स, दोन्हींचे ऑस्कर मिळाले.

• शॉट संपला की दिवे हलण्याआधी, नट उभा होता तिथे करडा आणि चकचकीत गोळा धरून प्रकाशाची नोंद घ्या. पुढे खोट्या जखमेवरची सावली याच नोंदीवरून बसते.

काय टाळावे

• त्वचा घासूनपुसून गुळगुळीत करू नका. रंध्रे, लव, घामाची चमक गेली की प्रेक्षकाला लगेच खटकते. हा दोष मला सर्वाधिक दिसतो.

• वय कमी करताना फक्त चेहऱ्यावर थांबू नका. 'द आयरिशमन'मध्ये (2019) ठिपक्यांशिवाय चेहरे तरुण केले, ही मोठी मजल होती. पण किराणा दुकानदाराला लाथा घालणाऱ्या रॉबर्ट डी निरोच्या हालचाली सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्याच राहिल्या. चाल आणि खांदे यांचा सराव चित्रीकरणाआधी करून घ्या.

• 'पोस्टमध्ये बघू' म्हणून विगची उचललेली कड तशीच सोडू नका. सेकंदाला 24 फ्रेम; पाच सेकंदांच्या शॉटमध्ये ती कड 120 फ्रेममध्ये दुरुस्त करावी लागते. सेटवर ते काही मिनिटांचे काम आहे.

• संगणकाचा खर्च भागवायला रंगभूषाकाराचे मानधन आणि वेळ कापू नका. निर्मात्यांनो, ही एवढी विनंती ऐकाच.