रजिस्टरात नसलेल्या मॅडम

स्वतःची फजिती सांगायची आणि ‘मी’ म्हणायचं नाही, यासाठी मराठीत ‘प्रस्तुत लेखिका’ हा फार सोयीचा आडोसा आहे. तर प्रस्तुत लेखिकेचे 18,000 रुपये गेले. जीपेवरून, एका फटक्यात, रात्री पावणेबाराला.

वडील जाऊन पाच महिने झाले होते आणि झोप उडाली होती. मोबाइलवर शोधता शोधता एक वेबसाइट सापडली. फिकट जांभळा रंग, हसऱ्या मॅडम, नावाखाली ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अँड माइंड कोच’ आणि त्याखाली ‘आरसीआय मान्यताप्राप्त’. नऊ प्रश्नांची एक चाचणी होती. ती दिल्यावर लाल अक्षरांत ‘गंभीर नैराश्य’ असा निकाल आला आणि बरोब्बर त्याच्या खाली बटण: आज बुक केल्यास दहा सेशन्सवर 20 टक्के सूट. शेजारी साड्यांच्या सेलसारखे मिनिट-सेकंद उलटे पळत होते. एकवीस वर्षं बँकेत लोकांची केवायसी तपासणाऱ्या, पाचशे रुपयांच्या खात्यालाही दोन कागद मागणाऱ्या बाईला इतकं दिसूनही शंका आली नाही, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

मॅडम बोलायला गोड. तिसऱ्या सेशनमध्ये लेखिकेने त्यांना एक गोष्ट सांगितली. वडिलांचं एचएमटी घड्याळ ती रोज रात्री चावी देऊन चालू ठेवते. चावीची करकर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून देते. हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

सहाव्या सेशननंतर चार दिवसांनी नणंदेने एक रील पाठवली. सोबत मेसेज: ‘वहिनी, ही बघा. बिचारी!’ रीलमध्ये मॅडम. मागे पियानो. ‘माझी एक क्लायंट आहे, ठाण्याची, बँकेत ऑफिसर. ती रोज रात्री नळ सोडून वडिलांच्या घड्याळाला चावी देते...’ खाली हृदयांचा पाऊस.

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. लेखिका स्वयंपाकघरात उभी होती, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याचा हिशेब राहिला नाही आणि त्या दिवशीची डाळ करपली.

मॅडमना मेसेज केला. निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी, व्हॉइस नोटमधून: ‘डिअर, हा तुमचा रेझिस्टन्स बोलतोय. पुढच्या सेशनमध्ये आपण यावर काम करू.’ डिअर! वयाने दहा वर्षांनी तरी लहान असतील. पैसे परत मागितले तर अटींचा स्क्रीनशॉट आला. ‘दहा सेशन्स पूर्ण न करणं हा क्लायंटचा निर्णय.’

मग लेखिकेने ते केलं, जे पहिल्या रात्री करायचं होतं. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषद, 1992 च्या कायद्याने आलेली. देशातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद तिच्या रजिस्टरात असते आणि ते रजिस्टर ऑनलाइन, फुकट बघता येतं. परिषदेची वेबसाइट दिसायला एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखी, जांभळा रंग वगैरे काही नाही. मॅडमचं नाव टाकलं. नाही. स्पेलिंग बदलून टाकलं, माहेरचं आडनाव अंदाजाने टाकलं. नाही. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण रागाच्या भरात लेखिकेचाही आधी गोंधळ झाला होता. या रजिस्टरात नाव नाही म्हणून प्रत्येक समुपदेशक भोंदू ठरत नाही. मानसशास्त्रात एम.ए. करून चोख काम करणारे समुपदेशक तिथे सापडणार नाहीत, कारण ते रजिस्टर त्यांचं नव्हेच. समुपदेशकांना कायद्याच्या चौकटीत आणलं ते 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने. पण स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याने नोंदणी क्रमांक सांगायलाच हवा. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात, त्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे बघायची. आणि समुपदेशकाला सरळ विचारायचं: पदवी कुठल्या विद्यापीठाची, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, माझी गोष्ट तुम्ही कुठे वापरणार का? प्रश्नाने जो दुखावेल त्याला पैसे देऊ नयेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. लेखिकेच्या वकील भाच्याने तो कायदा वाचला, ‘पण मामी, माइंड कोच यात कुठे बसवायचा?’ म्हणाला आणि डोकं खाजवत बसला.

त्या नऊ प्रश्नांचीही मजा आहे. ती पीएचक्यू-9 नावाची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 27. ती चाळणी आहे, निदान नव्हे. आकडा 10 किंवा वर गेला तर डॉक्टरांना भेटावं, इतकाच त्याचा अर्थ. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याला ‘हो’ आलं तर आकडा कितीही असो, थांबायचं नाही. मॅडमच्या साइटवर त्या प्रश्नानंतरही सवलतीचंच बटण होतं.

लेखिका पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे गेली. त्यांनी पहिल्याच भेटीत थायरॉइड तपासायला सांगितला. तो वाढीव-घटीव निघाला तरी माणूस गळून जातो, म्हणे. सहा सेशन्समध्ये हे कोणी विचारलं नव्हतं.

मधल्या एका वाईट रात्री तिने 14416 लावला होता. ही सरकारची टेली मानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली, मोफत, चोवीस तास. आधी भाषा निवडायची. मराठी निवडली. पलीकडच्या मुलीने पॅकेज विचारलं नाही, ‘आज जेवलात का?’ विचारलं. मनाच्या आरोग्याबद्दल मराठीतून ऐकायचं असेल तर ठाण्याच्याच आयपीएच या 1990 पासूनच्या संस्थेचं ‘आवाहन’ नावाचं यूट्यूब चॅनल आहे. बाकी लवकर झोपा, चाला, मोबाइल कमी करा, हे सगळे सांगतातच.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे, तिचा क्रमांक आला आहे. रील अजून तिथेच आहे. आणि दर सोमवारी सकाळी नऊला मेसेज येतो: ‘डिअर, तुमची 4 सेशन्स शिल्लक आहेत.’