सल्ला कुणाचा घ्यायचा?

प्रश्न : तीन एकर तूर आहे. सेंद्रिय शेतीकडे वळायचंय. दुकानदार एक सांगतो, मोबाइलवरचे व्हिडिओ दुसरंच. विचारायचं कुणाला?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : माल विकणाऱ्याला सल्लागार मानू नका, मग बाटलीवर ‘सेंद्रिय’ लिहिलेलं का असेना. आधी कृषी विज्ञान केंद्रात जा. माती तपासून घ्या आणि बीजप्रक्रियेसाठी रायझोबियम, ट्रायकोडर्मा मागा. सगळी तीन एकर एकदम बदलू नका. अर्ध्या-एक एकरापासून सुरुवात करा.

सल्ल्याची खरी गरज फुलोऱ्यात पडते. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज पतंग मोजा. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात 8-10 पतंग दिसले, की फवारणीची वेळ झाली. पहिली फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची करा. अळ्या लहान असताना एचएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक फवारा, तेही संध्याकाळीच. उन्हात ते निकामी होतं. फवारणी नेमकी कोणत्या दिवशी करायची हे बाटलीवरचं लेबल सांगत नाही, शेतात येऊन पाहणारा माणूस सांगतो. म्हणून सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) फुलोऱ्याच्या दिवसांतच बांधावर बोलवा. एकट्याने बोलावून तो येईलच असं नाही, गटाने बोलावलं तर बहुधा येतो!

गटाचा दुसरा उपयोग प्रमाणीकरणासाठी. पीजीएस (सहभाग हमी) पद्धतीत शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, त्यामुळे खर्च नगण्य. ‘आत्मा’च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) तालुका कार्यालयात चौकशी करा. निर्यात करायची असेल, तर मात्र एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणपत्र लागेल.