विमानात बसण्याआधी : आधी पाणी, मग कॉफी

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी विमानाने जातात. बुद्धगयेच्या धम्मयात्रेला निघालेले आईवडीलही कधी रेल्वेऐवजी विमानाने जातात. नागपूरचे विमानतळ तर बाबासाहेबांच्याच नावाचे आहे. प्रवास जरूर करावा; पण निघताना पोटाचाही विचार करावा.

पहाटेचे विमान असले की आपण उपाशीपोटी घर सोडतो आणि तपासणी आटोपल्यावर मोठा कप कॉफी व समोसा घेतो. रिकाम्या पोटी कडक कॉफीने पुष्कळांना जळजळ होते, छातीत धडधडते. विमान उंचावर गेले की आतला हवेचा दाब कमी होऊन पोटातला वायू फुगतो. त्यात तळकट खाल्लेले किंवा सोडा प्यायलेला असला तर पोट गच्च होते. आतली हवाही फार कोरडी असते.

सिकलसेल असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. विदर्भातील आपल्या समाजात हा आजार आढळतो. विमानात शरीराला प्राणवायू थोडा कमी मिळतो. त्यातच अंगातले पाणी कमी झाले तर विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून रुग्णाने तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि प्रवासभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. कॉफी पाण्याची जागा घेत नाही.

आम्ही सुचवतो ते असे :

१. रिकामी बाटली सोबत न्यावी आणि तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरून घ्यावी.

२. घरून पोळी आणि सुकी भाजी, केळे किंवा भाजलेले चणे न्यावेत. रश्श्याची भाजी नेऊ नये.

३. कॉफी हवीच असेल तर खाऊन झाल्यावर लहान कप, कमी साखरेची घ्यावी.

४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर गोळी आणि चहा-कॉफी यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर लोह अंगी कमी लागते.

५. मधुमेहींनी इन्सुलिन व गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. विमानाला उशीर झाला तर उपाशी राहू नये. जवळ बिस्किटे, साखर असावी.

विमानतळावरचे खाणे महाग असते, हेही खरे. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले, तेव्हा तिथे चहा १० रुपयांना आणि कॉफी २० रुपयांना ठेवली होती. अशी सोय सगळीकडे मिळेलच असे नाही. म्हणून घरचा डबा नेण्यात लाज कसली?

अति जेवून सुस्तावलेल्या राजा प्रसेनजिताला भगवान बुद्धांनी मात्रेत खाण्याचा उपदेश केला होता. प्रवासाला निघतानाही तोच उपदेश आपल्या कामी येतो.

जय भीम!